बेंगळुरूला तीन दिवसांची परिषद आहे, शेवटच्या दिवशी रात्री ८:४० चं पुण्याचं विमान. शहर बघायला वेळ मिळेल का, आणि विमानतळासाठी किती वाजता निघावं?

तुम्ही लिहिलंय की परिषद भारतीय विज्ञान संस्थेत आहे, गुरुवार ते शनिवार. शुक्रवारी तुमच्या संशोधनाचं पोस्टर, शनिवारी चारला समारोप. त्यानंतर लालबाग उद्यान उरकून विमान गाठायचा विचार आहे. मी याच संस्थेत परिषदांसाठी चार-पाच वेळा गेलोय आणि नेमका हाच बेत एकदा करून बसलोय, म्हणून सांगतो: शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे वेळ नाहीये. वाटतोय, पण नाहीये.

उलटं मोजत या. विमान ८:४० चं. बॅग घ्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ७:४०. रांगा धरून सातला दारात असायला हवं. विमानतळ देवनहळ्ळीला, संस्थेपासून तीसेक किलोमीटर. रविवारी पहाटे हे अंतर पाऊण तासात जातं. शनिवारी संध्याकाळी हेब्बाळचा उड्डाणपूल मधे येतो, त्यामुळे दीड तास धरा, पाऊस असेल तर त्याहून जास्त. म्हणजे थोडी सवड ठेवून सव्वापाचला निघायचं. समारोप चारला संपतो असं पत्रिकेत असतं. पुष्पगुच्छ आणि आभार धरून तो साडेचारच्या आत संपलेला मी पाहिलेला नाही. राहिला पाऊण तास, त्यात गेस्ट हाऊसवरून बॅग उचलायची.

मी त्या दिवशी समारोप बुडवून लालबागेला गेलो होतो. लालबाग शहराच्या दक्षिणेला, विमानतळ उत्तरेला, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. वर हेब्बाळला पाऊस लागला. काउंटर बंद व्हायला चार मिनिटं असताना पोचलो. घामेजलेला माणूस, हातात भिजलेली पोस्टरची नळी. काउंटरवरच्या मुलीने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

म्हणून पहिला सल्ला: जमलं तर परतीचं तिकीट रविवारी दुपारचं करा. एका रात्रीचं भाडं खिशातून जाईल, कारण ते पाठवणारी संस्था देत नाही, पण रविवार तसाही सुट्टीचा. मग लालबागही नीट होईल. यशवंतपूर किंवा सँडल सोप फॅक्टरी स्टेशनवरून ग्रीन लाइनची मेट्रो थेट लालबाग स्टेशनला जाते, गाडी बदलावी लागत नाही. रविवारी मेट्रो नेहमीपेक्षा उशिरा सुरू होते तेवढं बघून घ्या. हैदर अलीने सुरू केलेली ही बाग २४० एकरांची आहे. लोक काचघराचे फोटो काढून परत फिरतात. तुम्ही बागेतल्या उघड्या खडकावर चढा. सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे तो. वर शहर वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटासा बुरूज आहे आणि सकाळी वारा छान असतो.

तिकीट बदलणं शक्य नसेल तर मोकळा वेळ शेवटच्या दिवशी शोधू नका, रोज सकाळी शोधा. परिषदा सहसा साडेनऊच्या आधी सुरू होत नाहीत आणि मल्लेश्वरम हा शहराचा जुना भाग संस्थेपासून चालत अर्ध्या तासावर आहे. माझ्या मते या परिषदेला येणाऱ्याने बघावं असं बेंगळुरू तिथेच आहे. मार्गोसा रोडवर पंधराव्या क्रॉसजवळ (क्रॉस म्हणजे आडवी गल्ली) वीणा स्टोअर्समध्ये फुटपाथवर उभं राहून इडली-चटणी खा. दुसऱ्या दिवशी सीटीआर या उपाहारगृहातला बेण्णे, म्हणजे लोण्याचा, डोसा. तिथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात, लाजू नका. आठव्या क्रॉसला सकाळी फुलांचा बाजार भरतो.

आणि काडु मल्लेश्वराचं देऊळ चुकवू नका. काडु म्हणजे रान. या भागाला नाव या देवळावरूनच पडलं, आणि त्याला दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे तो व्यंकोजीराजांचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचा. बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती हे शाळेत पाठ केलेलं असतं. इथे ते अचानक पायाखाली येतं. समोरच नंदीतीर्थ आहे, नंदीच्या मुखातून खालच्या पिंडीवर पाणी पडत असतं. दहा मिनिटं बसा.

नंदी हिल्स या डोंगराचंही विचारलंत. विमानतळाच्याच दिशेला आहे, पण वाटेवर नाही, पुढे जाऊन वळावं लागतं. शनिवार-रविवारी सूर्योदयाला घाटात गाड्यांची रांग लागते आणि बऱ्याचदा वर फक्त ढग असतात. रविवारी विमान दुपारनंतरचं असेल आणि सामानासकट दिवसभराची टॅक्सी करणार असाल तरच जा. टॅक्सीने वर सोडून निघून गेलं तर खाली यायची पंचाईत होते.

विमानतळाला जायला मी टॅक्सीपेक्षा बीएमटीसीची, म्हणजे शहर बससेवेची, वायुवज्र बस घेतो. मेखरी सर्कलला मिळते, संस्थेपासून रिक्षाने थोडं अंतर आहे. वातानुकूलित असते, सामानाला जागा असते आणि टॅक्सीच्या मानाने फार स्वस्त. हेब्बाळला बसही अडकतेच, पण मीटर पळताना बघावा लागत नाही.

तिकिटावर टर्मिनल टी१ आहे की टी२ हे आदल्या रात्रीच बघा. टी२ असेल तर थोडं लवकर पोचलात तरी कंटाळा येणार नाही, बांबूचं छत आणि टांगलेली झाडं बघण्यासारखी आहेत. डिजियात्राने, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या सोयीने, जाणार असाल तरी कागदी बोर्डिंग पास छापून घ्या. प्रवासखर्च परत देताना हिशेब विभाग तो मागतो आणि फोनमधला चालत नाही असं सांगतो, निदान आमच्याकडे तरी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, काउंटरवर दिलेल्या बॅगेत नको.

पोस्टर कागदावर छापू नका, कापडावर छापा. घडी घालून सॅकमध्ये जातं, नळी सांभाळत फिरावं लागत नाही. माझं मागच्या वेळचं पोस्टर सध्या घरी वॉशिंग मशीनवर पांघरलेलं आहे, निष्कर्षांची बाजू वर.