रविवारी बसस्टँडवर बसणारे पाळकसाहेब

"सेवेतून काढलं तेव्हापासून प्रार्थनाच होत नाही. देवानंही मला काढलं का?" मन मोकळं करायला माझ्याकडे येणाऱ्यांकडून वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारे कधी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कधी सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, कधी बोर्डिंगच्या वॉर्डनबाई. उत्तर म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले पाळकसाहेब. चौदा वर्षांची सेवा. चर्चची कमिटी बदलली, हिशेबावरून वाद झाला आणि एका संध्याकाळी पत्र हातात पडलं: सेवा संपली, महिनाअखेर चर्चचा बंगला रिकामा करा.

माझ्याकडे आधी आल्या त्या पाळकीणबाई, त्यांच्या पत्नी. "रविवारी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून, बायबल घेऊन निघतात. साडेबाराला परततात. उपासनेत संदेश कुणी दिला विचारलं की काहीतरी नाव सांगतात. परवा माझ्या भावानं बघितलं, बसस्टँडवर बसले होते."

पाळकसाहेब आले तेव्हा मी बसस्टँडचंच विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नंदगडची गाडी येते, लोंढ्याची येते. माणसं चढतात, उतरतात. ताई, तिथं कोण विचारत नाही, सध्या कुठल्या मंडळीत, कुठल्या चर्चमध्ये आहात म्हणून."

दुसरी नोकरी सुटली तर पगार जातो. यांचा पगार गेला, डोक्यावरचं छप्पर गेलं, आणि दुःखात ज्यांच्याकडे धाव घ्यायची ती माणसंही गेली. बेळगावात मिशनचं काम १८२० पासूनचं; कितीतरी घरांत सेवा आजोबांपासून चालत आलेली. यांचे आजोबाही सुवार्तिक. आजोबांचं नाव आपण घालवलं, हेच त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

"क्षमा करा साहेब, आणि पुढं चला," असं त्यांना जो तो सांगत होता. मला या घाईचा राग येतो. क्षमेवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण काय झालं, कुणी केलं, किती लागलं हे तोंडातून बाहेरही आलेलं नसताना माणसानं क्षमा करायची कशाची?

मी त्यांना बायबलमधलं पंचावन्नावं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो, असं दावीद राजा तिथं रडतो. 'सोबती'पाशी ते थांबले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "याच स्तोत्रातलं बाविसावं वचन मी कितीदा सांगितलं असेल, आपला भार परमेश्वरावर टाक. वरचं हे कधी मोठ्यानं वाचलंच नाही की." त्या दिवशी पहिल्यांदा ते रडले, आणि खूप रडले.

पुढच्या भेटींत साध्या गोष्टी केल्या. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. म्हणून आधी वेळेवर जेवण आणि झोप. मनातलं सगळं एका वहीत लिहायचं, पण मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळही टाकायची नाही. थकलेला पगार आणि अनुभवाचा दाखला लेखी मागायचा. हक्काचं मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे पटायला त्यांना तीन भेटी लागल्या. मोठा निर्णय सहा महिने नाही. आणि रविवारी जमलं तर दुसऱ्या गावच्या मंडळीत, मागच्या बाकावर, नुसतं ऐकायला.

कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर माझ्यासारखीच्या भरवशावर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक फुकट आहे, मराठीत आणि कन्नडात बोलता येतं. धारवाडचं मानसिक आरोग्य संस्थेचं रुग्णालयही आपल्याला जवळ आहे. डॉक्टरची गोळी घेतल्यानं विश्वास कमी होत नाही.

पाळकसाहेब आता एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतात. शनिवारी गल्लीतल्या पोरांना शिकवतात. महिन्यातून दोन रविवार बायकोबरोबर उपासनेला जातात, उरलेले दोन घरी. बाजाराला जाताना मात्र जुन्या चर्चचा रस्ता टाळून अजून लांबच्या वाटेनं जातात. मी त्यांना ती वाट सोडायला सांगितलेलं नाही.