बोटीआधीची एक रात्र

प्रश्न : सांगलीहून आईबाबांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझला निघालोय. बोट बॅलार्ड पिअरहून. कुलाब्यातले हॉटेलदर बघून घाम फुटला. आदल्या रात्री राहायचं कुठे?

उत्तर : आधी बोटीच्या तिकिटावरची बोर्डिंगची वेळ बघा. दुपारची असेल, तर सीएसएमटीची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातलीच राहायची खोली, मला सगळ्यात पटते. रेल्वेचं कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असलं की पीएनआर टाकून ती आयआरसीटीसीवर बुक होते. आरक्षण हातात पडलं की लगेच बघा, खोल्या मोजक्याच असतात. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे.

ती नाही मिळाली, तर फोर्टातली गेस्ट हाऊस. पण आईबाबा सोबत आहेत, म्हणून फोन करून लिफ्ट आहे का आणि संडास-बाथरूम खोलीतच आहे का, हे नक्की विचारा. तिथल्या जुन्या इमारतींचे जिने फार उंच. आईंच्या गुडघ्यांचे हाल पैसे वाचवण्यासाठी नकोत.

वाशीकडे स्वस्त मिळेल, हार्बर लोकल थेट सीएसएमटीला येते. मात्र बोट रविवारी असेल तर मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद आहेत का याची, चौकशी केल्याशिवाय तिकडे अजिबात राहू नका.