"बाप पण उशिराच बोलला होता", म्हणून थांबायचं का?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. अडीच वर्षांचा मुलगा, एकही शब्द नाही. आई रडवेली आणि बोलत होत्या त्या आजी.

"ह्याचा बाप तीन वर्षांचा झाल्यावर बोलला, आज पोरांना शिकवतोय. उगाच शिक्का कशाला मारताय?"

मी वाद घातला नाही. विचारलं, "आजी, ह्याला तहान लागली की काय करतो?"

"करायचं काय, मला कळतं ना, मीच देते."

"आणि नाही दिलं तर?"

आजी गप्प. सून हळूच म्हणाली, "आईंचा हात धरून माठापाशी नेतो."

आजींचा चेहरा बदलला. "म्हणजे मागतोय की तो!"

मला आजही त्या क्षणाचा आनंद वाटतो, कारण माझं ठाम मत आहे की थेरपी घरातच रुजते, आणि जी व्यक्ती थांबा म्हणते तीच बऱ्याचदा मुलाला सगळ्यात जास्त ओळखते, तिला गप्प न करता काम द्यायचं. आधी स्पष्ट सांगितलं की तुमच्या लाडामुळे हा उशीर झालेला नाही. मग काम दिलं: ग्लास त्याच्या डोळ्यांसमोर धरा, "पाणी" म्हणा, मनात पाच अंक मोजा, त्याने बघितलं, बोट केलं, कसलाही आवाज काढला तरी लगेच द्या, अडवून ठेवायचं नाही. सोबत कानाची बेरा टेस्ट (मुलाला नीट ऐकू येतं का ते बघणारी तपासणी) आणि स्पीच थेरपी सुरू केली. काही महिन्यांनी आजींचाच फोन, "पा म्हणाला हो!" थेरपी अजून चालूच आहे.

काही मुलं आपोआप बोलतात, खरंय, पण आपलं मूल त्यातलंच आहे हे आधी कळत नाही आणि पहिल्या काही वर्षांत मेंदू जितकं पटकन शिकतो तितकं नंतर नाही. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षाला "आई ये" असे दोन शब्द जोडत नाही, तर दाखवा. निदानाचा कागद हातात यायची वाट बघू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) तपासणी आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडी ताईंना विचारा. आणि येत असलेले शब्द गेले असतील तर टीमची पण वाट बघू नका, ह्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा.