क्रूझ बार्बाडोसला एकच दिवस थांबणार आहे. भाड्याची गाडी घेऊन बेट स्वतः फिरणं जमेल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलेलं एवढं: जहाज सकाळी ८ ला धक्क्याला लागणार, संध्याकाळी साडेपाचला सुटणार, बरोबर सत्तरीतले सासू-सासरे आहेत आणि तुम्ही अमेरिकेत रोज गाडी चालवता. हे सगळं धरून सांगतो, घ्या गाडी. फक्त अख्खं बेट बघायचा हट्ट सोडा.

नकाशात बार्बाडोस अगदी एवढंसं दिसतं. जेमतेम ३४ किलोमीटर लांब, २३ रुंद. लांबी म्हणजे चर्चगेटहून बोरिवली. आम्हीही तोच नकाशा बघून फसलो होतो. मी, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले बाबा, असे चौघे जानेवारीत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघालेल्या दहा दिवसांच्या क्रूझवर होतो. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी कागदावर अकरा ठिकाणं लिहिली. प्रत्यक्षात पाच झाली, आणि त्यातलं एक चुकून.

आधी गाडीचं बोलू. बुकिंग घरूनच करा आणि गाडी बंदरावर आणून देतात का ते विचारून घ्या, बरेच जण देतात. तुमचं नेहमीचं लायसन्स लागतं. त्यावर एक स्थानिक तात्पुरता परवाना काढावा लागतो, पण तो गाडीवालाच थोडे डॉलर घेऊन जागेवर लिहून देतो, त्यासाठी कुठल्या कचेरीत जावं लागत नाही. अमेरिकेतला तुमचा गाडीचा विमा तिथे चालेल असं धरून चालू नका. गाडीवाल्याकडचा विमा घ्या आणि चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. आम्हाला सव्वाआठची वेळ दिली होती, माणूस नऊला पाच कमी असताना उगवला. तेव्हा तुमचा दिवस ९ ला सुरू होतो असंच धरा. पैसे बदलायची गरज नाही. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतो आणि १ अमेरिकन डॉलरला २ बार्बाडोस डॉलर हा दर १९७५ पासून ठरलेला आहे. फक्त सुटे परत येतात ते तिथल्या चलनात.

आता चालवण्याचं. वाहतूक डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. मी गाडी शिकलो साताऱ्यात, त्यामुळे हे आपल्या अंगातच आहे अशा गुर्मीत होतो. न्यू जर्सीतल्या चौदा वर्षांनी ते अंगातून कधी निघून गेलं, कळलंच नव्हतं. बंदराबाहेरच्या पहिल्याच चौकात इंडिकेटर द्यायला गेलो आणि ठणठणीत उन्हात वायपर सुरू झाले. मागे बाबा म्हणाले, "पाऊस नाहीये रे." दिवसभरात असं निदान दहा वेळा झालं.

डावी बाजू लक्षात राहते हो, खरी अडचण वेगळीच असते. इतकी वर्षं डावीकडे बसायची सवय झाली की आपली गाडी डाव्या अंगाला किती पसरली आहे याचा अंदाजच जातो. आणि बार्बाडोसच्या आतल्या रस्त्यांना डावीकडे साइडपट्टी नसते, असतं ते गटार, नाहीतर थेट भिंत. माझा डावा आरसा एका झुडपाला घासला तेव्हा अक्कल आली. मधल्या रेषेपासून आपला उजवा खांदा किती लांब आहे तेवढं बघत राहायचं, डावी बाजू आपोआप सावरली जाते. शेजारच्या सीटवर मोठ्याने "डावीकडे" म्हणणारं माणूस बसवा. आमच्याकडे ते काम बायकोने जरा जास्तच मनापासून केलं.

दिलासा एकच. भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटची सुरुवात एच या अक्षराने होते. पाहुणा आहे हे शंभर फुटांवरून कळतं आणि लोक सांभाळून घेतात. हॉर्न वाजला की दचकू नका. बहुतेक वेळा तो आभाराचा असतो, नाहीतर "जा तुम्ही पुढे" असा. अपवाद झेडआर नंबरच्या पांढऱ्या व्हॅनचा. आपल्या वडापचीच ती सख्खी बहीण. गाणी मोठ्याने, माणसं दाटीवाटीने, आणि थांबण्याला नियम नाही. तिला वाट देऊन मोकळे व्हा.

रस्ता निवडताना पूर्वेकडून सुरुवात करा. जहाजाच्या सहली आणि टॅक्सीवाले बहुतेकांना पश्चिमेच्या शांत, निळ्या किनाऱ्यावर नेतात. तो सुंदर आहेच, पण तसा किनारा तुम्हाला त्या आठवड्यात आणखी चार बेटांवर दिसणार आहे. पूर्वेचा बाथशेबा मात्र दुसरीकडे नाही. बंदरापासून पाऊण तास धरा. आधी उसाची शेतं. रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे गाडीच्या टपापेक्षा उंच ऊस, वळणावर पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. कोल्हापूरकडच्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. मग एका चढानंतर जमीन एकदम खाली कोसळते आणि समोर अटलांटिक. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे. या पूर्वेच्या पट्ट्यावरून ते प्रवाळाचं झाकण झिजून गेलंय, म्हणून तिथे डोंगर, घळी आणि मऊ माती आहे. इथले रस्ते खचतात, वाकडे होतात. खड्डे जपून.

बाथशेबाच्या किनाऱ्यावर भल्यामोठ्या खडकांना लाटांनी खालून कुरतडून अळंब्यांचा आकार दिलाय. तिथे पोहायचं नाही, प्रवाह वाईट आहेत. सर्फिंगवाले जातात ते त्यांचं त्यांनी बघावं. सासू-सासऱ्यांना बाकावर बसवा आणि अर्धा तास नुसतं बघू द्या. बाबांना सुरूची झाडं दिसली आणि ते म्हणाले, "हे तर आपलं गुहागर." मग जेवताना नीरफणसाची तळलेली कापं समोर आल्यावर तर प्रश्नच मिटला. नीरफणस मूळचा पॅसिफिकचा. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालायचं म्हणून इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या शेवटी तो जहाजांतून कॅरिबियनमध्ये आणला. हे सांगितल्यावर बाबांनी पुढचं काप जरा हळू खाल्लं. शाकाहारी असाल तर ही कापं आणि ओव्हनमध्ये भाजलेला मॅकरोनीचा थर, यावर निभावून जातं. मासे खात असाल तर उडत्या माशाचं कालवण आणि कुकू मागवा. कुकू म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घालून घोटलेली उकड. ऐकायला विचित्र, पण माशाच्या रश्शाबरोबर झकास लागते. पिवळी मिरचीची चटणी मात्र थेंबानेच घ्या, ही ताकीद कोल्हापूरकरांनाही लागू.

बाथशेबाहून उत्तरेला किनाऱ्यालगतचा रस्ता धरा. हा आमच्या दिवसातला सगळ्यात छान तुकडा. पूर्वी इथून आगगाडी जायची, १९३७ मध्ये ती बंद पडली आणि तिच्याच वाटेवर पुढे रस्ता झाला. उजवीकडे समुद्र, डावीकडे टेकड्या आणि समोरून गाडी आलीच तर एखादी. मग मॉर्गन लुईसची जुनी पवनचक्की लागते. तिच्यात उसाचा रस काढत. तिथून चढून चेरी ट्री हिलवर जा. तिथे चेरीचं झाड नाही, दुतर्फा महोगनी आहेत. वरून पूर्व किनारा लांबवर दिसतो आणि झाडांत हिरवट माकडं दिसतात. हातात खाऊ ठेवू नका. जवळच सेंट निकोलस ॲबी आहे. नाव मठाचं असलं तरी मठ तिथे कधीच नव्हता, तो १६५८ च्या सुमाराचा साखर मळ्याचा वाडा. आत जाऊन बघा, पण हे वैभव कुणाच्या पाठीवर उभं राहिलं ते मुलांना सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. आमच्या मुलीने तिथे विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देताना माझी दमछाक झाली.

"चुकून" झालेलं ठिकाण याच्याच पुढे. फोनमधल्या नकाशाने जवळची वाट म्हणून आम्हाला उसातल्या कच्च्या रस्त्यावर घातलं आणि मग रेंजही गेली. पंधरा मिनिटांनी एका छोट्या रम शॉपपाशी पोचलो. रम शॉप म्हणजे अर्धं किराणा दुकान, अर्धा गुत्ता आणि पूर्ण चावडी. आतली मंडळी डॉमिनो आपटत होती. रस्ता विचारला तर एका आजोबांनी आधी विचारलं, "इंडिया?" आणि मग थेट, "सूर्यकुमारचा पाय सीमेला लागला होता का नव्हता?" २९ जून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांच्याच राजधानीत, ब्रिजटाउनला झाला होता, भारत ७ धावांनी जिंकला होता, आणि सूर्यकुमारने सीमेवर घेतलेला तो झेल हा तिथे अजूनही न मिटलेला दावा आहे. बाबांनी तिथे वीस मिनिटं घालवली. मला वेळेचा हिशेब दिसत होता, पण उठवणार कोण? शेवटी आजोबांनीच रस्ता सांगितला: बसथांब्यांच्या खांबांवर बघा, "शहराकडे" आणि "शहराबाहेर" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, शहराकडेचे खांब धरत जा. नकाशापेक्षा हे फार बरं चाललं.

परतीला स्पाइट्सटाउनवरून पश्चिम किनाऱ्याचा रस्ता धरायचा. पोहायचंच असेल तर इथे अर्धा तास उतरा. किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेली झाडं दिसली तर त्यांच्या सावलीत बसू नका, पावसात तर मुळीच नाही. ते मँचिनील, त्याच्या चिकाने कातडी भाजते. स्पाइट्सटाउनहून अडीचला निघायलाच हवं, कारण अंतर थोडं असलं तरी रस्त्याला जायला-यायला एकेकच पट्टी आणि दुपारनंतर तो तुंबलेला.

आमच्यासारखं क्रिकेटवेडं माणूस बरोबर असेल तर बंदराच्या अलीकडे केव्ह हिलला विद्यापीठाच्या आवारात वळा. तिथल्या मैदानाशेजारी फ्रँक वॉरेलची समाधी आहे. १९६२ मध्ये याच बेटावर ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली. तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार वॉरेल पुढे झाला. आपल्याकडून बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनी दिलं. बाबा चपला काढून उभे राहिले. मुलीला मात्र बंदराजवळचा, गायिका रिहानाच्या नावाचा रस्ता, रिहाना ड्राइव्ह, बघायचा होता. तिथे दोन मिनिटांत फोटो झाला, सगळ्यांचं समाधान.

वेळेबद्दल एवढं पक्कं करा. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. वर चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी असते. हिवाळ्यात फ्लोरिडाचं घड्याळ बार्बाडोसच्या एक तास मागे असतं. आमच्या जहाजाने बेटाची वेळ लावली होती, बायकोच्या फोनला रोमिंग नसल्याने तो फ्लोरिडाच्याच वेळेवर राहिला, आणि ती निवांतपणे म्हणत होती, "अजून तीनच तर वाजलेत." बाबांच्या चावीच्या घड्याळाने वाचवलं. जहाजावरून उतरताना तिथलं घड्याळ बघा आणि हातातलं त्याला जुळवून घ्या. गाडी सव्वाचारपर्यंत परत द्यायची असं ठरवा. पंपावर माणूस पेट्रोल भरून देतो, तेवढी पाच मिनिटं त्यात धरा.

आणि हो, सासरेबुवांची टोपी किंवा मुलांची अर्धी चड्डी लष्करी हिरव्या ठिपक्यांची असेल तर ती खोलीतच ठेवा. बार्बाडोसमध्ये साध्या नागरिकाने तसे कपडे घालणं हा गुन्हा आहे.