गटारीची लाइन आणि 42 दिवसांची कोंबडी

प्रश्न : गटारीच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या चिकनवाल्याकडे सकाळी सातलाच तीस-चाळीस माणसं लाइनीत आणि त्याचा माल काही संपेना! एवढ्या कोंबड्या येतात कुठून? देशात एकूण मटण-चिकन होतं तरी किती? आणि श्रावणात रेट का पडतो?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आकडा आधी. 2023-24 मध्ये देशात मांस झालं साधारण 1 कोटी अडीच लाख टन, त्यातलं जवळपास अर्धं नुसतं कोंबडीचं, बाकीच्यात म्हैस, बकरी, मेंढी, डुक्कर असं सगळं. अंडी 14 हजार कोटींच्या वर. ऐकायला अबब वाटतं, पण 140 कोटी माणसांत वाटून बघा, मांस माणशी आठवड्याला दीडशे ग्रॅमसुद्धा येत नाही (आमच्या घरात हा कोटा रविवारी पहिल्या वाढपातच संपतो).

आता तुमची लाइन. दुकानातली जाळीतली पांढरी कोंबडी म्हणजे ब्रॉयलर, रात्री टेम्पोतून आलेली. बहुतेक ठिकाणी कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि राबणं, आणि त्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. मक्या-सोयाबीनवर 40-42 दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास जातो. त्याआधी अंडं मशीनमध्ये 21 दिवस. म्हणजे तुम्ही गटारीला जी तंगडी खाल्लीत तिचं अंडं दोन महिने आधी, उन्हाळ्यातच उबवायला लागलेलं, गिऱ्हाईक येईल असा अंदाज बांधून!

तो अंदाज चुकला की श्रावण महागात पडतो. मशीन बंद करता येतं, कोंबडी नाही करता येत, ती खातच राहते आणि वय वाढलं की जास्त खाऊन कमी वजन देते, मग मिळेल त्या भावात काढायची. म्हणून रेट पडतो. तेव्हा गिऱ्हाईक नाही म्हणून चिकनवाला कंटाळून पेपर वाचत बसलेला दिसेल.

आणि हो, बोर्डावरचा रेट जिवंतचा की सोललेल्याचा ते विचारून घ्या, दोन किलोची कोंबडी सोलून साफ केली की हातात तेरा-चौदाशे ग्रॅम येते, त्यावरून भांडणारे दर रविवारी एक-दोन असतातच.