घरबांधणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरकुल मंजूर झालंय, पण माझ्या नावावर जागा नाही. राहतं घर वडिलांच्या नावे नमुना आठला आहे. काका शेतातला एक कोपरा द्यायला तयार आहेत. कुठं बांधू? (औसा तालुका)

उत्तर: वडिलांच्याच जागेवर बांधा. घरकुल योजनेच्या 1 लाख 20 हजारांच्या मूळ अनुदानात जागेची किंमत धरलेली नसते. शिवाय प्रस्तावित जागेचा फोटो अक्षांश-रेखांशासह आधीच चढवलेला असतो. पुढचे पायाचे, छताचे फोटो दुसऱ्या ठिकाणचे निघाले की हप्ता अडकतो. जागा बदलायचीच असेल तर पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला आधी भेटा. चर खोदून झाल्यावर नव्हे.

नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा कागद नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि त्यावर वडिलांचंच नाव लागलंय ना, ते बघा. त्यांनी तुम्हाला बक्षीसपत्र करून दिलं तर राहत्या घरासाठी मुद्रांक नाममात्र लागतो. काका-पुतण्याला ती सवलत नाही. जागा वडिलोपार्जित असेल तर भावंडांचं संमतिपत्र घ्या, बहिणींचंसुद्धा. ‘ताईची सही काय, नंतर होईल’ म्हणणाऱ्यांचं काम हमखास स्लॅबच्या वेळी थांबतं.

काकांच्या शेतात तुकडेबंदी आडवी येते. जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र. त्याहून लहान तुकड्याची दस्तनोंदणी सरळ होत नाही. घरकुलासाठी नियमात वाट ठेवली आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीतून जाते. मुळीच जागा नसलेल्यांनी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेचा अर्ज पंचायत समितीत द्यावा. ती 500 चौरस फुटांपर्यंतच्या खरेदीला मदत करते.

आणखी एक. योजनेला किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, एवढंच घर हवं असतं. लोक हौसेनं 600 फुटांचं जोतं आखतात, पैसे लिंटलला संपतात आणि शेवटचा हप्ता अर्धवट घरापायी राहून जातो. आता दोन खोल्या पूर्ण करा. पुढची वाढ ज्या बाजूला करणार, तिकडच्या सळया बाहेर काढून सिमेंटच्या घोळात झाकून ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजतात.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरच्या कडेला 20 बाय 30 चा प्लॉट बाँडवर मिळतोय. विकणारा म्हणतो, गुंठेवारीत नियमित होईल. घ्यावा का? (पैठण तालुका)

उत्तर: घेऊ नका. 600 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त, आणि नोटरी केलेल्या बाँडनं मालकी मिळत नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित होतात, पण 2021 च्या दुरुस्तीनुसारही ते 31 डिसेंबर 2020 पर्यंत पाडलेले हवेत. आज पाडलेल्या प्लॉटला तिचा काय उपयोग?

दुसरीकडे जागा बघाल तेव्हा सातबाऱ्यावर मालकाच्या नावाआधी ‘इतर हक्क’ वाचा. तिथं इनाम, मदतमाश किंवा खिदमतमाश (ही निजामकाळातली इनामंच), वक्फ, कूळ असं काही किंवा भूधारणेच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर थांबा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं अशा जमिनी इथं जागोजागी आहेत. आजचा सातबारा कोरा दिसला तरी तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल मागवा. त्यावर इनामाची नोंद असेल तर ती कोणत्या फेरफारानं गेली, हे विकणाऱ्यानं दाखवायला हवं. नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशाही घ्या. आरक्षण, हरित पट्टा, नाल्याची हद्द त्यातच कळते.

प्रश्न: नवं घर तिसऱ्या उन्हाळ्यात तडकलं. गवंडी म्हणतो सिमेंट कमी पडलं. (परभणी तालुका)

उत्तर: आम्हाला संशय मातीचा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया त्या थरात असेल तर भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. तडा खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखा तिरका गेलाय आणि मे महिन्यात रुंदावतो, तर नुसतं सिमेंट भरून तो पुन्हा उघडेल. घराभोवती तीन फुटांचा उताराचा कोबा करा, न्हाणीचं पाणी दूर काढा आणि भिंतीलगत झाडं लावू नका. दोन ऋतू उघडझाप थांबलेली दिसली की मगच तडा भरा. तडा वाढतच राहिला तर अभियंत्याला दाखवा.

नव्यानं बांधणाऱ्यांनी काळीचा थर ओलांडून मुरमापर्यंत खोदावं. जोत्याचा भराव मुरमाचा हवा, खोदून निघालेली माती परत आत ढकलू नये. थर फारच खोल असेल तर पायाचं डिझाइन अभियंत्याकडून करून घ्यावं.

भिंती बांधून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांची काटकसर नको. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं माणसांच्या अंगावर आली. जोतं, लिंटल आणि छताच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला पाहिजे. लहान घराला 3 इंच जाड पट्टा, त्यात 10 मिमीच्या दोन सळया आणि दर 6 इंचांवर 6 मिमीची आडवी कडी एवढं सहसा पुरतं. गवंडी दारा-खिडक्यांवर सुटे लिंटल टाकून मोकळे होतात आणि कोपऱ्यावर सळई तोडतात. ती कोपऱ्यात वाकवून दुसऱ्या भिंतीत फूट-दोन फूट न्यायची असते. काँक्रीट ओतण्याआधी चारही कोपरे स्वतः बघून घ्या.