शिळफाट्याला बॉम्ब फुटणार का?

शिळफाट्याला फ्लॅट बघताय, बुलेट ट्रेन बोगद्यात शिरली की बॉम्बसारखा आवाज होतो म्हणे, तोंडाशी उंच भिंत बांधली तर भागेल का, असं विचारलंय तुम्ही. भिंतीने नाही भागायचं. गाडी या तोंडाने शिरते आणि धमाका होतो पलीकडच्या तोंडाला!

पूर्वी फास्ट लोकल ठाण्यापुढच्या पारसिक बोगद्यात घुसायची तेव्हा दारात उभ्या माणसाला हवेचा रट्टा बसायचा ना, त्याचाच हा थोरला भाऊ. सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी गाडी हवा दाबते आणि दाबाची लाट सेकंदाला साधारण ३४० मीटरने पुढे पळते. लांब बोगद्यात लाटेची मागची बाजू पुढच्या बाजूला गाठत जाते, चढणीचा कडा होतो. रुळांखाली दगडांची खडी असेल तर लाट बरीच जिरते, काँक्रीट स्लॅबवर रूळ असले की फारशी जिरत नाही. बाहेर पडताना धडाम.

दाब किती यापेक्षा तो किती झटकन चढतो, यावर सगळं आहे. ही झटकन चढण वेगाच्या घनाच्या हिशेबात वाढते: तीच गाडी, तोच बोगदा, ताशी १०० ऐवजी ३२० किमी, तर सुमारे ३३ पट. म्हणून इलाज शिरतानाच करायचा. १९९७ साली जपानच्या ५०० सीरिज बुलेट ट्रेनला १५ मीटर लांब नाक आलं. पक्षीनिरीक्षक असलेल्या एइजी नाकात्सु या इंजिनिअरला ते खंड्याच्या चोचीवरून सुचलं. दिसायला झकास, पण नाक पुढच्या डब्यातल्या सीटा खातं. मला विचाराल तर हूड बरा: बोगद्याआधीच बांधलेली रुंद नळी, बाजूला खिडक्या. हवा थोडी थोडी निसटते, दाब टप्प्याटप्प्याने चढतो.

आता तुमचा फ्लॅट. मुंबईतलं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ते शिळफाटा हा २१ किमीचा बोगदा, पण बीकेसीचं स्टेशनच जमिनीखाली. तिथून निघणारी गाडी आतच उभी असते, हळूहळू वेग घेते. भरधाव शिरणं होतच नाही. मग शिळफाट्याला फुटायला मोठी लाट येणार कुठून? अहमदाबादकडून येणारी गाडी शिरेल ती तुमच्याच बाजूने, पण तिची लाट पळेल बीकेसीकडे. शिरताना मागे थोडा धप्प होईल, तेवढाच. दोन्ही तोंडं उघडी असलेले बोगदे पालघरच्या डोंगरात आहेत, काळजी तिथल्या गावांची.

तुम्हाला जाणवेल तो बोगद्याबाहेर पुलावरून जाणाऱ्या गाडीचा साधा घरघराट. बेडरूमची खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेवढं बघून घ्या.